ओहोटी पुरी होईस्तोवर

वाशीच्या इस्पितळात, एक्स-रेच्या मागच्या बिनखिडकीच्या खोलीत
माझं काम एका शब्दाचं आहे: फुंका.
नाकाला चिमटा, ओठांत पुठ्ठ्याची नळी,
खोल घ्या, खोल, आता फुंका,
फुंका फुंका फुंका, सोडू नका, अजून, अजून.
बाहेर बाकावरच्यांना वाटतं
आत कुणाचं तरी भांडण लागलंय.

दिवसाला सतरा-अठरा छात्या.
तुर्भ्याच्या खाणीत खडी फोडलेल्या,
मार्केटात मिरचीची पोती झटकलेल्या,
आणि गणवेशातली दम्याची पोरं,
त्यांना चिमट्याचंच हसू येतं.

चांगुणाबाई तांडेल दिवाळ्याहून आल्या, सुनेला घेऊन.
मी अर्जातलं विचारलं, बिडी? सिगारेट?
“शिवली पन नाय.
धूर इचारशील तं लय खाल्लाय.”
मग नळी हातात उलटीसुलटी करून:
“ही तं फुंकणी रे.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.
चौदाव्या वर्षी लग्न, त्याच संध्याकाळी चूल,
तिवराची ओली लाकडं, छताला न पोचणारी खिडकी,
कडेवर एक, पोटात एक,
आणि चाळीस वर्षं फुंका, फुंका, अजून.
ते त्यांना कुणी ओरडून सांगावं लागलं नाही.

पडद्यावर रेघ वर गेली आणि मधेच खचली,
दोन काठ्यांवर सुकत घातलेल्या जाळ्याला
झोळ पडावा तशी.
शेचाळीस टक्के.

डॉक्टर फरहत समजावत होत्या:
नळ्या अरुंद झाल्यात, हवा आत जाते,
पण सगळी बाहेर येत नाही,
म्हणून नवीन घ्यायला जागाच उरत नाही.
सून मान हलवत होती, न कळल्याची.
“म्हंजे भरती येते,” चांगुणाबाई म्हणाल्या,
“ओहोटी पुरी होत नाय.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.
अकरा वर्षं मी ती रेघ रोज बघतो.

पंपावर मात्र अडलं.
नणंद म्हणाली होती, एकदा लागला की सुटत नाही,
आणि चारचौघांत तोंडाला डबा लावायचा कसा.
मी दाखवलं: आधी हलवा, डब्याला जोडा,
सावकाश ओढा, दम धरा, दहापर्यंत मोजा.
त्या सहावर फुटल्या.
बरं, सहा. नंतर चूळ भरायची, विसरायचं नाही.
आणि दम नसला तरी रोज घ्यायचा.
“दम नसताना कशाला?”
तेव्हा सून पहिल्यांदा बोलली:
“होडी काठाला असते तवाच डांबर लावतात ना, आत्या.”

शेवटी ओठांचा चंबू.
नाकाने आत, चंबूतून बाहेर, दुप्पट वेळ, जोर न लावता.
त्यांनी ओठ पुढे केले आणि थांबल्या.
तेच तोंड होतं.
समोर फक्त आग नव्हती.

तीन महिन्यांनी पुन्हा आल्या. अठ्ठेचाळीस.
गेलेलं परत येत नाही, हे आम्ही कागदावर छापतो
आणि तोंडाने टाळतो.
मी आकडा सांगायच्या आधीच म्हणाल्या,
“जिन्याने आले. दोनदा बसले.
मागल्या खेपेला लिफ्टमधे बसून पन धापले होते.”
घरी आता गॅस आहे, मशेरी भाजणं बंद,
ती आयती डबीतली लावतात, त्यावर डॉक्टर अजून रागावतात.

जाताना टेबलावर वर्तमानपत्राचं पुडकं ठेवलं. सुके बोंबील.
दिवसभर खोली खाडीसारखी वासली.
पुढच्या माणसाने चिमटा स्वतःहून मागितला,
मोठ्या सिस्टर दारातूनच ओरडल्या.

आता फुंका म्हटल्यावर माझ्या तोंडून पुढचंही निघतं:
ओहोटी पुरी होऊ द्या.
खारघरच्या टॉवरमधली माणसं चमकून बघतात.
सारसोळ्याचे, दिवाळ्याचे म्हातारे
डोळे मिटतात, नळी ओठांत धरतात
आणि चिखल दिसेपर्यंत
सोडत राहतात.